केसांवर भांडी देणाऱ्या बाईस

सोलापूर, श्रावणातला दुसरा सोमवार

अगं केसवाले,

मायना काय लिहावा यातच पाव तास गेला. 'सौ.' लिहावं तर नाव ठाऊक नाही, 'आदरणीय' लिहावं तर तूच पदर तोंडाला लावून हसशील. वीस-बावीस वर्षं तुझ्याशी अगं-तुगं करत आले, तेच चालू ठेवते. तुला वाचता येत नाही हे तूच सांगितलंस, पण सून मोबाईलवर आलेलं सगळं मोठ्यानं वाचून दाखवते असंही म्हणाली होतीस. कुणीतरी तिच्यापर्यंत पोचवेल या भरवशावर चारचौघांत लिहिते आहे. डोक्यावर भांड्यांचं टोपलं, खांद्याला झोळी, आणि आवाज असा की पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या खडखडाटातही 'केसावर भांडीऽऽ' स्पष्ट ऐकू यावं. एवढ्या खुणा पुरतील.

लहानपणी आमची आई विंचरून झालं की गुंतवळ बोटाला गुंडाळायची, त्यावर थू-थू करायची आणि मगच टाकायची. कुणाच्या हाती लागलं तर करणी करतात म्हणे. तिला कळलं असतं की तिची शिकलेली, शाळेत मास्तरीण झालेली लेक तेच गुंतवळ साबुदाण्याच्या जुन्या पिशवीत साठवून त्यावर स्टीलच्या वाट्या घेते, तर तिनं मला उभं केलं नसतं. माझ्या फडताळातल्या सात वाट्या, दोन झाकण्या आणि एक चहाची गाळणी माझ्याच डोक्यातून निघालेली आहेत, हे पाहुण्यांना मी सांगत नाही.

आता गेल्या वर्षाचं. भाद्रपदात मला डेंग्यू झाला. नऊ दिवस दवाखान्यात होते, घरी आल्यावरही महिनाभर जिना चढवत नव्हता. दसऱ्यानंतर तू येऊन गेलीस तेव्हा पिशवी नेहमीसारखीच होती. मग मार्गशीर्ष लागला आणि केस जायला लागले. न्हाणीघराच्या जाळीवर, उशीवर, भाकरीच्या पिठात. एकदा आमच्या ह्यांच्या आमटीत निघाला, तेव्हा ते काही बोलले नाहीत, बाजूला काढून जेवत राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मी ६७ वर्षांची. भांग रुंद होत चालला होता हे मला पाळी गेल्यापासूनच दिसत होतं, तेव्हा मी तिथं काजळपेन्सिल फिरवून वेळ मारून नेत होते. पण हे निराळं होतं. घरात प्रत्येकाकडे औषध तयार. जाऊबाईंनी कांद्याचा रस लावायला सांगितला. आठवडाभर माझ्या अंगाला झुणक्याचा वास येत होता. भाच्यानं केसांच्या गोळ्यांची बाटली आणून दिली. शेजारणीनं दोष बोअरच्या पाण्याला दिला. आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, मधले दिवस बोअरवरच भागवायचे, त्यामुळे तिचं मलाही पटलं. शेवटी एका चकचकीत केसांच्या क्लिनिकात गेले. तिथं टाळूचा फोटो भिंतीएवढ्या पडद्यावर दाखवला, सहा महिन्यांत टक्कल पडेल म्हणून भीती घातली आणि चाळीस हजारांचं पॅकेज पुढं केलं. घाबरून पाच हजार आगाऊ भरून आले. ते काही परत मिळाले नाहीत.

आणि मग गड्ड्याच्या, आपल्या संक्रांतीच्या जत्रेच्या, आठवडाभर आधी तू आलीस.

मी पिशवी दिली. तू नेहमी ती हातावर तोलतेस आणि टोपल्याकडे वळतेस. त्या दिवशी वळली नाहीस. पिशवीत हात घालून एक झुबका बाहेर काढलास, त्यातून एकेक केस सुटा करून उन्हात धरलास. जरीचा धागा पारखावा तसा. मग मला जवळ बोलावलंस. "आक्का, हे बगा. बुडाशी पांढरा ठिपका हाय. हे तुटल्यालं न्हाईत, मुळातनं सुटून आल्यात." मी चष्मा लावून बघितलं. खरंच, प्रत्येकाच्या टोकाला राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक अशी पांढुरकी गाठ.

"तीन म्हैन्यांमागं ताप आल्ता का?" तू विचारलंस.

मी तुला डेंग्यूचं एका शब्दानं बोलले नव्हते. तू म्हणालीस, असा ढीग दोनच घरांतून मिळतो, बाळंतिणीच्या आणि मोठ्या दुखण्यातून उठलेल्यांच्या, आणि दोन्हीकडे तीन महिन्यांनीच मिळतो. मग जे बोललीस ते मी त्याच रात्री डायरीत लिहून ठेवलं आहे: "तापाचे येत्याल आक्का. वयाचे न्हाई यायचे. रगत तपासा, त्येल बदलत बसू नका."

इतक्या दिवसांत मला धीर देणारे पुष्कळ भेटले होते आणि भीती घालणारेही. माझ्या केसांकडे नीट बघितलं ते फक्त तू. तुझा तो रोजचा माल आहे, मालात खोट निघाली तर तुला कळतेच. ही खोट तुझ्या फायद्याची होती, पिशवी चौपट भरलेली होती, हेही मला नंतर सुचलं.

त्यानंतरचं मात्र मी विसरणं शक्य नाही. माझा अंबाडा बघून तू म्हणालीस, "ह्ये कोण आवळतंय एवढं?" मी चाळीस वर्षं शाळेत जाताना घालत होते तसाच, आकडे खोचून घट्ट. तू मला पायरीवर बसवलंस, मागे बसून एकेक आकडा काढलास. अकरा निघाले. कानाशेजारचे केस ओढून ओढून मागे गेलेत, तिथली कातडी चकाकते आहे, हे मला आरशात कधी दिसलं नव्हतं. तू बोटांनीच गुंता सोडवलास, खालून वर, टोकाकडून मुळाकडे. समोरच्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या, भांडीवाली डोक्याला हात लावते आहे म्हणून त्यांच्या कपाळाला आठी. मला इतकं हलकं वाटत होतं की मी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पन्नास-साठ केस चिमटीत धरून हलकेच ओढले, सात हातात आले. मी तुझं निदान त्यांना सांगितलं. ते हसले, पण टिंगलीनं नाही. म्हणाले, "बरोबर सांगितलंय." त्यांनी समजावलं ते तुला तुझ्या भाषेत सांगते. डोक्यावर साधारण लाखभर केस. यंत्रमागावर पाळ्या असतात तसं त्यांचं काम चालतं. दहातले नऊ केस वाढीच्या पाळीवर, एखादा सुट्टीवर, आणि सुट्टी संपली की तो गळतो. असे रोज ५० ते १०० केस जाणं रीतसर. मोठा ताप आला की शरीर बऱ्याच केसांची पाळी एकदम बंद करतं. पण सुट्टीवर गेलेला केस लगेच पडत नाही, दोन-तीन महिने जागेवर अडकून असतो, म्हणून तापाचा हिशेब मार्गशीर्षात चुकता होतो. यांची मुळं जिवंत असतात, ते परत येतात. वयाची गोष्ट वेगळी. तिथं मूळच बारीक होत जातं, प्रत्येक खेपेला आधीपेक्षा पातळ केस उगवतो. बायकांचं कपाळ बहुधा मागे जात नाही, मधला भांग रुंदावतो. माझ्या डोक्यावर दोन्ही दुखणी एकावर एक बसली होती. बोअरच्या पाण्यानं केस रखरखीत होतात, तुटतात, पण मुळातून असे सुटत नाहीत, असंही ते म्हणाले. शेजारणीला मी अजून हे सांगितलेलं नाही.

रक्त तपासलं. भाच्याच्या गोळ्या त्याआधी काही दिवस बंद करायला लावल्या, त्यांतल्या बायोटिनमुळे थायरॉईडचा आकडा चुकीचा येऊ शकतो म्हणे. थायरॉईड ठीक निघालं, लोहाचा साठा मात्र तळाला गेलेला. त्याचं कारण घरातच होतं. जेवणावर लगेच चहा ही माझी जन्माची सवय, आणि चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. आता चहा तासाभरानं, आणि पालेभाजीवर लिंबू.

भांगासाठी मिनॉक्सिडिलचं पाणी दिलं, सकाळ-संध्याकाळ एक-एक मिली. हे मुळात रक्तदाबाचं औषध. खाणाऱ्यांच्या अंगावर केस उगवायला लागले तेव्हा त्याचा हा उपयोग लक्षात आला. मला स्वतःला बीपी आहे म्हणून डॉक्टरांनी आधी माझ्या सगळ्या गोळ्यांची यादी बघितली. तीन गोष्टी बजावल्या: पहिले काही आठवडे केस उलट जास्तच जातील, फरक दिसायला चार-सहा महिने लागतील, आणि सोडलं की मिळालेलंही जाईल. शिवाय घरात मांजर आहे का, हे विचारलं. मांजराच्या पोटात हे औषध थोडंसं जरी गेलं तरी जिवावर बेततं. आमची मनी माझ्या उशीवर झोपायची. ती आता ह्यांच्या पायाशी झोपते आणि माझ्याकडे रागानं बघते.

पहिल्या महिन्यात खरंच जास्त गेले. डॉक्टरांनी सांगून ठेवलं नसतं तर मी बाटली मोरीत ओतली असती. फाल्गुनात तू आलीस, पिशवी पुन्हा फुगलेली बघितलीस आणि म्हणालीस, "जाऊ द्या, जुनं पानगळ हाय." चैत्रात पुतणीचं लग्न होतं. मी तुझ्याकडे गंगावन मागितलं. अंबाडा भरल्यावर टाळू झाकेल असा माझा हिशेब. तू विकायला तयार झाली नाहीस. आपल्या गल्लीतली गुंतवळं पुढं कर्नाटकात कोप्पळकडे जातात, तिथं बायका बसून एकेक केस सोडवतात, त्याची गंगावनं आणि डोक्यावर घालायचे केसांचे टोप होतात, हे तूच सांगितलंस. आणि मला नाही म्हणालीस. "हाय त्या केसाला वझं बांधू नका, मुळं सैल हायत." धंदेवाल्यानं गिऱ्हाईक परत पाठवल्याचं मी आपल्या बाजारपेठेत दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही.

मग मी खांद्यापर्यंत कापले. जाऊबाई म्हणाल्या, या वयात बॉबकट शोभतो का. शोभतो. लग्नात सैल क्लिप लावली, वर मोगऱ्याचा हलका गजरा, तोही तासाभरासाठी. एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती ती मी स्वतः शिकले: विरळ भांगाला ऊन लागतं. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडून बसलेला, मार्केटातून आले आणि भांगाच्या रेषेवर कातडी भाजून सोलली. आता पदर डोक्यावर घेते. सासूबाई असत्या तर त्यांना वाटलं असतं, सून शेवटी वळणावर आली. आणि टॉवेलच्या गावात राहून सांगते, ओलं डोकं टेरी टॉवेलनं खसाखसा पुसायचं मी सोडलं. जुनं सुती लुगडं फाडून त्याचे तुकडे केलेत, त्यानं नुसतं टिपायचं.

आजचा हिशेब असा. कपाळाजवळ बोटाच्या दोन पेरांएवढे नवे केस उभे राहिलेत, बाळाच्या जावळासारखे, कशानं बसत नाहीत. भांग पूर्वीपेक्षा थोडा अरुंद आहे, पण चाळिशीतला नाही आणि होणारही नाही. वरून उजेड पडला की टाळू दिसते. आमचे हे म्हणतात, "माझं तीस वर्षांपूर्वी गेलं सगळं, तेव्हा कुणाला पत्र लिहावंसं वाटलं नाही." त्यांना सांगितलं, तुमचं गुंतवळ कुणी पारखलं नव्हतं.

तर आभार. त्या पांढऱ्या ठिपक्याबद्दल, अकरा आकड्यांबद्दल, न विकलेल्या गंगावनाबद्दल. तुझं मात्र माझ्यामुळे नुकसान होणार आहे. वैशाखात तू पिशवी नेलीस त्याला तीन महिने झाले, आणि खिळ्यावरची नवी पिशवी बघितली तर तळही झाकलेला नाही. एवढ्यावर तू वाटी सोड, चमचाही देणार नाहीस, आणि देऊ नकोस.

तरी ये. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून ठेवते. टोपल्यात मोठ्या दातांचा लाकडी कंगवा असेल तर आण, रोख पैसे देईन. आणि पायरीवर टेकशील तेव्हा आधी नाव सांग.

तुझी,
कोपऱ्यावरच्या वाड्यातली आक्का