'आय नो' तसंच राहू दिल्याबद्दल

आदरणीय बुकर टी. जोन्ससाहेब,

'एन्ट नो सनशाइन' आपापल्या परीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या आम्हा सगळ्यांतर्फे तुमचे आभार. गाणं बिल विदर्स यांचं, आवाजही त्यांचाच. पण १९७१ च्या त्या रेकॉर्डचे निर्माते तुम्ही. कडव्याचे शब्द नंतर लिहू, अशा बेताने विदर्स यांनी 'आय नो, आय नो' म्हणत जागा भरली होती. तुम्ही म्हणालात, राहू दे तसंच. विमानातली टॉयलेट बनवणाऱ्या कारखान्यातल्या या नवख्या माणसाने तुमच्यासारख्या मुरलेल्यांचं ऐकलं, हे आमचं नशीब.

ते 'आय नो' मोजून २६ वेळा येतं, आणि कव्हर करणाऱ्यांची, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या परीने सादर करणाऱ्यांची, निम्मी फजिती तिथेच होते. बाकीची वाद्यं मागे सरतात, अल जॅक्सन यांचा ड्रम तेवढा चालू राहतो. टेकायला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) नाही, त्यामुळे गायक पळायला लागतो आणि पुढच्या ओळीला बँडच्या आधी पोचतो. यावर उपाय आहे. मूळ लय मिनिटाला ७८ मात्रांच्या आसपास. तालमीत मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) ३९ वर लावायचा आणि त्याची टिकटिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतेय असं धरून गायचं. पळालात तर लगेच कळतं. आकडा चुकू नये म्हणून माइक स्टँडवर ठेवून बोटांची पेरं मोजावीत: एका हाताची बारा, दुसऱ्याची बारा, वर दोन. आणि दर 'आय नो'ला आवाज चढवत नेऊ नये. आठव्यापर्यंतच शिखर गाठलं, तर उरलेल्या अठरांचं करायचं काय?

आभार रिकाम्या जागांचेही. गाण्याला इंट्रो नाही, थेट आवाजच सुरू होतो. म्हणून गायकाच्या कानात सूर आधी हळूच द्यावा लागतो, नाहीतर पहिला शब्दच घसरतो. पट्टी ए मायनर, म्हणजे हार्मोनियमवाल्यांची पांढरी सहा. ओळ संपली की ई मायनर सेव्हन, जी आणि परत ए मायनर, एवढंच वाद्यांचं उत्तर. चौथी कॉर्ड डी मायनर सेव्हन, ती कडव्याच्या शेवटाकडे येते. संपले कॉर्ड! की-बोर्डवाल्यांचे हात इथे शिवशिवतात आणि ते त्या उत्तरात हरकती घालतात. मग गायकाच्या पुढच्या ओळीआधी श्वासाएवढीही जागा उरत नाही. डक डन यांचा बेस ऐकावा, किती कमी वाजवलंय ते. वरच्या पट्टीत गायचं असेल तर गिटारवर कापो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) पाचव्या पडद्यावर लावून बोटांचे हेच आकार धरावेत. डी मायनर मिळतो आणि उत्तराची चालही बिघडत नाही.

पुढे १९७२ मध्ये तेरा वर्षांच्या मायकल जॅक्सनने सुरुवातीला बोललेला भाग जोडून हे गाणं चार मिनिटांच्या वर नेलं, आणि ब्रिटनमध्ये ते आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. पोराचा आवाज लखलखीत आहे, पण ते प्रास्ताविक नसतं तरी चाललं असतं, असं आमचं मत. त्याच वर्षी फ्रेडी किंग यांनी त्याला ब्लूजच्या गिटारीकडे ओढलं, तेही शोभलं. तुमची मूळ रेकॉर्ड मात्र जेमतेम दोन मिनिटांची. त्यातही स्ट्रिंग्ज (व्हायोलिनसारखी तंतुवाद्यं) तुम्ही आल्या आल्या सोडल्या नाहीत, आवाजाला आधी एकट्याने बसू दिलं. सिंथवर (इलेक्ट्रॉनिक की-बोर्डवर) स्ट्रिंग्ज वाजवणाऱ्या आमच्या मंडळींना आम्ही हेच सांगतो: पहिल्या कडव्यात हात मांडीवर.

आणि हो, ही 'हार्लेम' या गाण्याची बी-साइड, म्हणजे रेकॉर्डची मागची बाजू होती. रेकॉर्ड उलटून लावणाऱ्या रेडिओवाल्यांचेही आभार मानायला हवेत, पण ते पत्र वेगळं.

आपली,
कव्हर वाजवणारी मंडळी