गरम पाणी निरुपद्रवी कसे?

वीजनिर्मिती केंद्रांतून नदीत सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्यात रसायने नसल्याने ते निरुपद्रवी असते, हे आपल्या अंकातील लेखातले विधान पटले नाही. पाणी तापत ठेवले की उकळी फुटण्याच्या कितीतरी आधी भांड्याच्या कडांना बारीक बुडबुडे धरतात. ती वाफ नसते, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. शून्य अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना जेमतेम ७.५ मिलिग्रॅम. त्यातच मासा शीत रक्ताचा प्राणी असल्याने पाणी तापेल तशी त्याच्या चयापचयाची गती आणि प्राणवायूची गरज वाढत जाते, म्हणजे गरज वाढते नेमका तेव्हाच पुरवठा आटतो. रात्रभर पाणवनस्पतींनीही प्राणवायू वापरल्यानंतर पहाटे पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकणारे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. (लेखात पाण्याच्या तापमानाचा एकही आकडा नव्हता, हेही खटकले.) सोडलेले पाणी नदीपेक्षा किती अंशांनी गरम आहे याची नोंद, विशेषतः उन्हाळ्यात प्रवाह क्षीण असताना, व्हायलाच हवी.

– एक वाचक