गेटवेवरच्या गाइडकाकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

नाव छापू नकोस, असं तुम्ही बजावलंत म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते. सांगलीहून कॉलेजच्या प्रकल्पासाठी आलेली, बत्तीस प्रश्नांचे कागद छातीशी धरून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियासमोर उभी असलेली मुलगी आठवते ना? तीच मी.

आपली ओळख झाली ती सोमवारी. घारापुरीला जाऊन मुलाखती घ्यायच्या, असं ठरवून मी आले होते आणि लेणी सोमवारी बंद असतात हे पर्यटन शिकणाऱ्या मला माहीत नव्हतं! तुम्ही हसलात, पण टोचून नाही. "बरं झालं, पहिला धडा फुकटात झाला," म्हणालात आणि हातातला अर्धा वडापाव मला दिलात.

मग माझे प्रश्न वाचलेत. "'आपण या अनुभवाबाबत कितपत समाधानी आहात?' अगं, भर उन्हात कडेवर पोर घेतलेल्या बाईला हे विचारणार? आधी विचार, बाथरूम सापडलं का." त्याच कागदांच्या पाठकोऱ्या बाजूला तुम्ही मला तीन रकाने आखायला लावलेत. माणसं कुठं थांबतात, कुठं टेकतात, काय शोधत फिरतात. तासभर नुसतं बघायचं, तोंड उघडायचं नाही.

काकू, त्या तासात मला जे दिसलं ते दोन वर्षांच्या वर्गात दिसलं नव्हतं. बहुतेक माणसं गेटवेकडं पाठ करूनच उभी असतात. २६ मीटरची कमान फोटोत मावावी म्हणून नवरे गुडघ्यांवर बसतात. गळ्यात अल्बम अडकवलेले फोटोवाले कोण थांबणार आणि कोण नाही, हे चालण्यावरूनच ओळखतात. 'टेकतात'चा रकाना मात्र जवळजवळ कोराच राहिला, कारण सावलीत टेकायला जागाच नाही.

त्या आजी आठवतात? कमानीसमोर चपला काढून त्यांनी हात जोडले. मी कुजबुजले, हे देऊळ नाही म्हणून सांगायला हवं. तुम्ही मला डोळ्यांनीच गप्प केलंत. पंचम जॉर्ज १९११ साली आला, त्याच्या आठवणीसाठी हे बांधलं आणि पुरं व्हायला १९२४ उजाडलं, हे सगळं तुम्ही सांगितलंत, पण दोन वाक्यांत. मग आवाज जरा खाली आणलात. "आजी, गोऱ्या सैन्याची शेवटची तुकडी इथूनच बोटीत बसून गेली. १९४८, २८ फेब्रुवारी." आजींनी पुन्हा हात जोडले. या वेळी कशाला, ते मलाही कळलं.

संध्याकाळी सीएसएमटीला तुमच्याबरोबर शाळेची पोरं होती. वास्तुकार स्टीव्हन्स, १८८८, जागतिक वारसा, यातलं काहीही नाही. "दगडातली माकडं शोधा, खारी शोधा. फाटकावर सिंह आणि वाघ बसलेत, त्यातला आपला कोण?" पोरं वाघावर भांडली. ही नक्षी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची, हे तुम्ही त्यांना अगदी शेवटी सांगितलंत. माझ्या नोट्समध्ये ते पहिल्या ओळीत होतं आणि म्हणूनच कंटाळवाणं होतं.

मंगळवारी घारापुरी. तासाभराचा बोटीचा प्रवास, मग त्या पायऱ्या. त्रिमूर्तीपाशी तुम्ही काही बोललाच नाहीत, मला एकटीला उभं राहू दिलंत. उतरताना मात्र काकडी विकणाऱ्या ताईंपाशी वीस मिनिटं बसवलंत. समोर मुंबईचे दिवे लखलखत असताना या बेटावर कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून केबल टाकून. लेणी जागतिक वारसा झाली १९८७ मध्ये. या दोन सालांतलं अंतर मी अहवालात पहिल्याच पानावर घातलंय. सरांना ते 'विषयाबाहेरचं' वाटलं. मी काढलं नाही.

दोन दिवसांचे पैसे विचारले तेव्हा तुम्ही चिडलात, म्हणून परत विचारत नाही. अहवाल जमा केलाय, मार्क यायचेत. त्याची एक प्रत आणि सांगलीचं भडंग घेऊन पुढच्या महिन्यात येते. सोमवार सोडून.

तुमची,
बत्तीस प्रश्नांवाली