लेसरने सैल कातडी वर चढत नाही

मा. संपादक,

लग्नसराई जवळ आली की ‘एका बैठकीत दहा वर्षे तरुण’ छापाच्या जाहिराती पुरवण्यांत दिसू लागतात. त्यांत लेसर आणि फेसलिफ्ट (चेहऱ्याची सैल कातडी वर ओढून घेणारी शस्त्रक्रिया) एकाच ओळीत असतात, जणू एकाऐवजी दुसरे चालेल. डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा, उन्हाने खरबरीत झालेली त्वचा, मुरमांचे खड्डे हे लेसरचे काम. जबड्याच्या कडेवर ओघळलेला गाल किंवा मानेची लोंबती कातडी असेल, तर तिथे शस्त्रक्रियाच लागते.

कार्बन डायऑक्साइड लेसरची (तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर) ऊर्जा त्वचेतल्या पाण्याकडून शोषली जाते आणि वरचा थर वाफ होऊन उडतो. फ्रॅक्शनल पद्धतीत सलग थर न काढता सूक्ष्म छिद्रे पाडतात. मधल्या शाबूत त्वचेतून पाच-सात दिवसांत जखम भरते. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन मात्र तीन ते सहा महिने बनत राहते. म्हणजे लग्नाच्या पंधरा दिवस आधी लेसर केले तर फोटोत फायदा नव्हे, लाली दिसेल.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत खरा धोका काळ्या डागांचा. ते लगेच दिसत नाहीत, साधारण तीन-चार आठवड्यांनी उमटतात आणि महिनोन्‌महिने रेंगाळतात. याला बऱ्याचदा जास्त शक्तीपेक्षा छिद्रांची दाटी कारणीभूत असते. छिद्रे जवळजवळ पडली, त्यावर घाईने दुसरा फेरा मारला, की उष्णता साठते. म्हणून कमी दाटीच्या तीन-चार बैठका, मध्ये किमान महिनाभराचे अंतर, हा आपल्याकडचा शहाणा मार्ग. एर्बियम याग हे दुसरे लेसर (२,९४० नॅनोमीटर) आजूबाजूला कमी उष्णता सोडते, पण तेही डागमुक्तीची हमी देत नाही. वांग असलेल्या चेहऱ्यावर तर लेसरने वांगच वाढू शकतो.

हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनची तिहेरी क्रीम ‘गोरेपणासाठी’ महिनोन्‌महिने लावणारे आपल्याकडे कमी नाहीत. चिठ्ठीशिवाय ती मिळायलाच नको, पण मिळते. तिच्यातल्या स्टिरॉइडने (मोमेटासोनने) पातळ, लाल झालेल्या त्वचेवर आधी उपचार हवेत, लेसर नंतर. क्रीमची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. संपूर्ण चेहऱ्यावर किंवा ओठांभोवती लेसर असेल तर हर्पिस (विषाणूमुळे येणारे फोड) उठू नये म्हणून साधारणपणे व्हॅलासायक्लोव्हिर ही विषाणूरोधक गोळी ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून नवी त्वचा येईपर्यंत देतात. ‘गोळी कशाला’ म्हणून ती टाळली तर कच्च्या त्वचेवर फोड पसरून व्रण राहू शकतात.

फेसलिफ्टमध्ये नुसती कातडी ताणून टाके घातले तर ताण टाक्यांवर येतो, कानापुढचा व्रण रुंदावतो आणि कानाची पाळी खाली ओढली जाते. म्हणून कातडीखालचा ‘स्मास’ हा स्नायू-तंतूंचा थर उचलून बांधतात. चेहऱ्याच्या हालचालींची नस त्याच्या खालूनच जाते, तेव्हा हे काम प्रशिक्षित प्लास्टिक सर्जनचेच. धूम्रपान किमान चार आठवडे आधी बंद हवे, नाहीतर कानामागची कातडी रक्तपुरवठ्याअभावी काळी पडू शकते. त्याच कारणाने, नुकत्याच सोडवून ताणलेल्या कातडीवर त्याच दिवशी खोल लेसर मारण्याची ‘पॅकेजे’ आम्हाला धोक्याची वाटतात.

कातडीखाली रक्त साकळणे ही फेसलिफ्टनंतरची सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत, तीही बहुधा पहिल्या २४ तासांत. पुरुषांत आणि रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांत तिचे प्रमाण जास्त. एकाच बाजूला सूज आणि दुखणे झपाट्याने वाढले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच सर्जनना फोन करावा.

— त्वचारोग व प्लास्टिक सर्जरी क्षेत्रातील काही डॉक्टर, पुणे