रिब्रीदर वापरताय? आधी माउथपीस नीट बसवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत मागे खोल पाण्यातल्या डायव्हिंगवर लेख आला होता, त्यात रिब्रीदरबद्दल, म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून परत देणाऱ्या डायव्हिंगच्या यंत्राबद्दल, छान लिहिलं होतं, बुडबुडे कमी म्हणून मासे बुजत नाहीत, गॅस कमी लागतो वगैरे, सगळं खरंय. पण माउथपीसबद्दल, म्हणजे श्वास घ्यायला दातांत धरायच्या तुकड्याबद्दल, एक ओळसुद्धा नव्हती. तारकर्लीला किंवा अंदमानात स्कूबा शिकून पुढे माल्टा, इजिप्तला टेक्निकल कोर्स करायला जाणारी आपली पोरं हल्ली भेटतात आणि जबडा दुखतो म्हणाली की पुढचं वाक्य ठरलेलं, "होईल सवय". हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते.

साध्या स्कूबात रेग्युलेटर तोंडातून निघाला तर परत घालायचा, पाणी बाहेर काढायचं, झालं. रिब्रीदरमध्ये आपणच सोडलेला श्वास नळ्यांतून फिरून परत येतो, मधल्या डब्यातलं सोडा लाइम नावाचं रसायन कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि वापरला तेवढा ऑक्सिजन पुन्हा भरला जातो. तोंडाजवळचा व्हॉल्व्ह बंद न करता माउथपीस सुटला तर पाणी सरळ नळ्यांत शिरतं, आणि ते त्या डब्यापर्यंत पोचून परत तोंडाकडे आलं तर तोंड-घसा भाजून काढतं. ओठांच्या फटीतून थोडं थोडं पाणी झिरपत राहिलं तरी धोका तोच. म्हणून माणूस दात आवळून धरतो, आणि अशा डाइव्ह दोन-तीन तास चालतात त्यामुळे कानाजवळचा सांधा ठणकणारच.

लोक मग माउथपीस बदलत बसतात, पण बऱ्याचदा दोष तिथे नसतोच. खांद्याचे पट्टे सैल असतात, किंवा सोडलेला श्वास साठवणाऱ्या छातीवरच्या पिशव्या खाली नीट बांधलेल्या नसतात म्हणून पाण्यात वर तरंगून नळ्यांना ढकलतात. नळ्या आखूड असतील तर मान वळवली की माउथपीस ओढला जातो आणि लांब असतील तर आतल्या गॅसमुळे वर उचलल्या जातात. पट्टे आणि पिशव्या जमिनीवरच आवळून घ्या, मग माउथपीस तोंडात धरून डावीकडे, उजवीकडे, वर, खाली बघा, कुठेच ओढ बसता कामा नये. नळ्यांना छोटी वजनं लावता येतात, वेगळ्या लांबीच्या नळ्याही मिळतात. एवढं झाल्यावर मग माउथपीसकडे वळा. गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवायचे माउथपीस येतात, ते दाढांपर्यंत जातात म्हणून भार पुढच्या चार दातांवर राहत नाही. माउथपीस आवळून धरणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीचं, म्हणजे केबल टायचं, जादा टोक कापलं की उरलेलं टोक ओठाला लागत नाही ना ते बोट फिरवून बघा. आणि माउथपीस बदलल्यावर पॉझिटिव्ह, निगेटिव्ह दोन्ही प्रेशर टेस्ट (कुठे गळती नाही ना हे बघायच्या चाचण्या) परत करायच्या, यात आळस अजिबात नको. पाण्यात उतरण्याआधी पाचेक मिनिटं बसून युनिटवर, म्हणजे रिब्रीदरवर, श्वास घेतात ना, तेव्हा जबडा मुद्दाम सैल सोडून बघा, माउथपीस जागचा हलत असेल तर उतरू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डोक्यामागून जाणारा माउथपीसचा पट्टा. बरेच रिक्रिएशनल, म्हणजे हौसेखातर उतरणारे, डायव्हर तो अडचण म्हणून काढून टाकतात, हे मला अजिबात पटत नाही. ऑक्सिजन कमी पडला तर कसलीही सूचना न मिळता शुद्ध जाऊ शकते, जास्त झाला तर फिट येऊ शकते, आणि अशा वेळी माउथपीस तोंडातून पडला की माणूस बुडतो. फ्रेंच सैन्यातल्या डायव्हर्सच्या 1979 ते 2009 या काळातल्या रिब्रीदर अपघातांचा अभ्यास 2011 मध्ये छापून आलाय. त्यात पाण्याखाली बेशुद्ध झालेले पन्नासहून जास्त जण होते आणि दगावले फक्त तीन. त्यांच्याकडे हा पट्टा लावायची शिस्त आहे, जोडीदारही जवळच असतो. पट्टा नीट आवळला की ओठांची पकड टिकते आणि जबड्यालाही आराम मिळतो, म्हणजे दुखण्यावरचा उपायही तोच.

माझी विनंती एवढीच की या विषयावर पुन्हा छापाल तेव्हा पट्ट्याचा आणि फिटिंगचा उल्लेख जरूर करा. आणि कोर्ससाठी पैसे भरणाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावं, युनिट माझ्या मापाला लावून द्यायला पहिल्या दिवशी वेळ देणार का, पट्टा मिळणार का. नाही म्हणाले तर दुसरा इन्स्ट्रक्टर शोधा.

आपला,
एक मालवणी डायव्हर