पाव्लोवचं कुत्रं नको तिथं बांधलंय

संपादक साहेब, नमस्कार,

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या हट्टावर लेख होता, त्यात पाव्लोव या रशियन शास्त्रज्ञाचं कुत्रं आणि घंटा असं सगळं घालून शेवटी सल्ला दिला होता की पोरगं मोबाईलसाठी रडलं तर रोज देऊ नका, अधूनमधून द्या म्हणजे सवय लागणार नाही. दोन्हीकडे घोळ आहे. माझं बीएला मानसशास्त्र होतं, पुढे आयुष्य बँकेत गेलं तरी एवढं आठवतं.

पाव्लोवच्या कुत्र्याला काही करावंच लागत नव्हतं हो. आवाज झाला की मागून खाणं यायचंच, कुत्रं काहीही करो, म्हणून पुढे नुसत्या आवाजाला लाळ सुटायला लागली. पोरगं रडतं ते काहीतरी मिळवायला रडतं, म्हणजे हे प्रकरण थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाच्या पेटीतल्या मांजरांचं (१८९८, कडी उघडून बाहेर आलं की खाणं) आणि नंतर स्किनर या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या उंदरांचं.

स्किनरचा तर किस्साच आहे, त्यानेच १९५६ मध्ये लिहून ठेवलाय. उंदराने दांडी दाबली की खाण्याची एक गोळी मिळायची, आणि त्या गोळ्या त्याला स्वतःच बनवत बसायला लागायचं, जुने औषधवाले वापरायचे तसल्या यंत्रावर. एका शनिवारी दुपारी त्याने हिशोब केला, आठ उंदीर, प्रत्येकाला रोज शंभरेक गोळ्या, म्हणजे सोमवारी सकाळी साडेदहाला माल खलास. मग त्याने सरळ काटकसर केली, कितीही दाबा, मिनिटाला एकच गोळी. उंदरांनी दाबणं सोडलं असेल असं वाटतं ना? नाही सोडलं, एका लयीत दाबतच राहिले! पुढे कबुतरांना असंच अधूनमधून दाणे देऊन मग साफ बंद केले तर दहा हजार वेळा टोचा मारल्याचंही त्याने नोंदवलंय.

कारण साधं आहे, ज्याला दरवेळी मिळतं त्याला बंद झालेलं लगेच कळतं, पण ज्याला कधीमधी मिळतं त्याला बंद झालंय की आपला नंबर यायचाय हे कळणार कसं? मटक्याची सवय सुटत नाही ती बरीचशी याच्यामुळेच.

आमच्या घरचा बोका बघा. बोंबील तळायला घेतले की ओट्याखाली येऊन ओरडतो. सौ. म्हणाली आता एक तुकडा द्यायचा नाही, मीही हो म्हटलं. पहिले दोन दिवस ओरडला, तिसऱ्या दिवशी आवाज दुप्पट आणि साहेब थेट फ्रिजवर (देणं बंद केलं की आधी वाढतं, हेही प्रयोगांत दिसलेलं आहे, तिथेच माणसं हरतात), पाचव्या दिवशी पाहुणे होते, त्यांच्यासमोर तमाशा नको म्हणून मी गुपचूप शेपटीकडचा तुकडा टाकला. झालं. बोक्याला कळलं की पाच दिवस ओरडायचं असतं. त्याआधी तो पाच मिनिटांत गप व्हायचा.

नातवाच्या मोबाईलचंही सेम, आणि तिथेही पाचव्या दिवशी हरणारा मीच.

आता पोरगं म्हणजे उंदीर नव्हे हे मान्य, भुकेने, झोपेने, दुखतंय म्हणून रडत असेल तर जवळ घ्यायचं, तिथे स्किनर काढायचा नाही. आणि मोबाईल द्यायचाच असेल तर रडायच्या आधी, वेळ ठरवून, आपणहून द्या ना. वीस मिनिटं रडल्यावर ‘घे बाबा एकदाचा’ म्हणून देण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा. कुत्र्याचं राहू दे एक वेळ, पण ‘अधूनमधून द्या’ हे तेवढं मागे घ्या, आमच्या सुनेने तो लेख कापून फ्रिजवर चिकटवलाय आणि माझं घरात कोणी ऐकत नाही.

आपला,
एक जुना वाचक, चिंचवड