पाण्याच्या कॅनवर झालेली चाचणी शिकारीसाठी पुरेशी नाही

महोदय,

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या काही मराठी मंडळींनी गेल्या काही वर्षांत रीतसर परवाना काढून हरणांच्या शिकारीला जायला सुरुवात केली आहे. त्यांतील बऱ्याच जणांना ओढ आहे ती ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या बंदुकीची. या राज्यात 1974 पासून चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटणाऱ्या) ठासणीच्या बंदुकीने शिकार करणाऱ्यांसाठी स्वतंत्र हंगाम ठेवला जातो आणि ऐन थंडीत, नाताळनंतरच्या दिवसांत, जुन्या पद्धतीने बार भरून रानात जाण्याला येथे मोठा मान आहे. हंगामाआधी आपली गोळी कितपत काम करते हे घरच्या घरी तपासून पाहण्याची प्रथाही या मंडळींनी उचलली आहे. ही प्रथा मला मनापासून आवडते. परंतु तिच्यावरून जे निष्कर्ष काढले जातात ते अनेकदा चुकीचे असतात आणि त्यांची किंमत जखमी होऊन दाट झाडीत नाहीशा होणाऱ्या जनावराला मोजावी लागते, म्हणून हे पत्र.

घरगुती चाचणीची नेहमीची रीत अशी. दुधाचे किंवा पाण्याचे गॅलनचे रिकामे कॅन पाण्याने काठोकाठ भरून एका फळीवर एकामागे एक रांगेत मांडायचे, मागे मातीचा भक्कम बांध ठेवायचा आणि दहा-पंधरा पावलांवरून गोळी झाडायची. पहिला कॅन फुटून पाणी उडते, दुसरा चिरतो आणि गोळी पुढच्या एखाद्या कॅनच्या तळाशी पडलेली सापडते. मग ती व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या मोजपट्टीने मोजायची, तराजूवर तोलायची आणि मूळ व्यास किती वाढला, वजन किती उरले हे लिहून ठेवायचे. पन्नास कॅलिबरच्या, म्हणजे अर्धा इंच व्यासाच्या नळीच्या बंदुकीत तेल लावलेल्या चिंधीत गुंडाळून ठासतात ती शिशाची गोल गोळी साधारण 12.4 मिलिमीटर व्यासाची आणि 11.5 ग्रॅम वजनाची असते. पाण्यातून निघालेली तीच गोळी अळंब्याच्या टोपीसारखी पसरलेली दिसली की ती मोठी जखम करून हरीण चटकन पाडेल अशी पाहणाऱ्याची खात्री पटते.

खरी अडचण अंतराची आहे. गोल गोळीचा आकार हवा कापण्यासाठी अत्यंत गैरसोयीचा असल्याने तिचा वेग फार लवकर पडतो. नळीतून सेकंदाला 1900 फुटांच्या आसपास वेगाने निघालेली गोळी शंभर यार्डांवर पोहोचेपर्यंत जेमतेम हजार-अकराशे फुटांवर येते, म्हणजे तिच्यातील ऊर्जा मूळच्या एक-तृतीयांशाच्या आसपास उरते. दहा पावलांवर जी गोळी सुरेख पसरली ती शंभर यार्डांवरही तशीच पसरेल असे मानायला मुळीच आधार नाही. शुद्ध शिसे मऊ असल्यामुळे कमी वेगातही काही प्रमाणात पसरते. पण कोणी जुने भंगार शिसे वितळवून गोळ्या ओतल्या असतील आणि त्यात अँटिमनी (शिशाला कठीण करणारे मूलद्रव्य) मिसळलेले असेल, तर ती कठीण गोळी दूरवर न पसरता जनावराच्या आरपार निघून जाते. प्लास्टिकच्या वेष्टनात बसवलेल्या आधुनिक गोळ्यांची गत कधी कधी नेमकी उलटी होते. त्यांपैकी अनेक मुळात पिस्तुलाच्या, म्हणजे कमी वेगासाठी घडवलेल्या असतात. ठासणीच्या आधुनिक बंदुकीचा वेग त्यांना जवळच्या अंतरावर झेपत नाही आणि त्या खोलवर जाण्याआधीच फुटून विखुरतात. तांब्याच्या गोळ्यांना तर उमलण्यासाठी ठरावीक किमान वेग लागतोच. तेव्हा ज्या अंतरावरून आपण प्रत्यक्ष हरणावर नेम धरणार, त्या अंतरावर आणि बंदुकीत तेवढीच दारू भरून चाचणी घेतली पाहिजे. त्यासाठी जागा नसेल तर नेमबाजीच्या मैदानावर जावे.

दुसरी गोष्ट माध्यमाची. पाणी म्हणजे मांस नव्हे. त्यात कातडे नाही, बरगडी नाही, खांद्याचे हाड नाही. पाण्यात गोळी सहज पसरते, आणि ती किती कॅन भेदून गेली यावरून शरीरात किती खोल जाईल हे थेट सांगता येत नाही. रात्रभर भिजवलेल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे काही जण वापरतात, पण तेही मांसाहून बरेच घट्ट असतात. शास्त्रीय चाचणीत मांसाच्या जागी दहा टक्के जिलेटिनचा ठोकळा चार अंश सेल्सिअसला ठेवतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी संशोधन संस्थेत डॉ. मार्टिन फॅकलर यांनी 1980च्या दशकात ही पद्धत रुजवली. ठोकळा योग्य आहे की नाही हे पाहण्यासाठी आधी त्यावर सेकंदाला सुमारे 590 फूट वेगाने एक लहान पोलादी छर्रा मारतात आणि तो साधारण साडेआठ सेंटिमीटर आत गेला तरच पुढची मोजमापे ग्राह्य धरतात. स्वयंपाकघरातल्या जिलेटिनला ही कसोटी लावलेली नसेल, तर त्यावरचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत.

याचा अर्थ कॅनवरची चाचणी टाकाऊ आहे असा मुळीच नाही. एकाच दिवशी, एकाच अंतरावर, दोन गोळ्यांची आपसात तुलना करायला ती उत्तम आहे, आणि पाण्यातदेखील जी गोळी पसरत नाही किंवा तिचे तुकडे होतात ती बाद करायला तर फारच उपयोगी आहे. चाचणीत उतरलेली गोळी रानात चालेलच असे मात्र तिच्यावरून कोणी म्हणू नये.

जागेबद्दलही बेफिकिरी नको. पेनसिल्व्हेनियात शिकारीच्या वेळी वस्ती असलेल्या घरापासून, तेथील लोकांची परवानगी नसेल तर, दीडशे यार्डांच्या आत गोळी झाडता येत नाही आणि गावोगावचे नियम याहून कडक असू शकतात. परसात चाचणी घेण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत. महाराष्ट्रातील वाचकांसाठी स्पष्ट सांगतो की आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि कोकणात शेतीच्या रक्षणासाठी परवान्यावर बाळगलेल्या ठासणीच्या बंदुकाही शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात. हे पत्र तेथे कोणी प्रयोग करावा म्हणून लिहिलेले नाही.

शेवटचा मुद्दा शिशाचा. चाचणीनंतर गोळीचे वजन किती घटले हे आपण कौतुकाने लिहितो, पण घटलेले वजन गेले कुठे याचा विचार करत नाही. 2008 साली मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाने आधीच मारलेल्या मेंढ्यांवर निरनिराळ्या गोळ्या झाडून क्ष-किरण चित्रे घेतली. झपाट्याने फुटणाऱ्या रायफलच्या गोळ्यांच्या मानाने ठासणीच्या गोळ्यांचे तुकडे कमी निघाले, परंतु निघाले, आणि तुकडे केवळ जखमेपुरते राहत नाहीत असे दिसून आले. कॅलिफोर्नियाने कॉन्डॉर गिधाडांच्या शिसेबाधेमुळे 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्णपणे बंद केल्या, त्यात ठासणीच्या बंदुकाही आल्या. आपल्या मुलांच्या ताटात हे मांस वाढायचे आहे, तेव्हा वजन टिकवणारी गोळी निवडावी, जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकावे आणि जनावराच्या शरीराची पोकळी पाण्याने धुऊन काम भागेल असे समजू नये, कारण त्याच पाहणीत धुतल्यामुळे शिसे उरलेल्या मांसावर पसरल्याचे आढळले होते.

आपला एक वाचक,
लँकेस्टर, पेनसिल्व्हेनिया